दोन पॉइंट खाली

मी गोरख, वारूळवाडीचा. पंधरा वर्षं डीजे वाजवला. लोकांच्या वरातीत घरांची तावदानं हादरवली आणि त्या नादात स्वतःचा डावा कान घालवला. आवाज कमी कसा करायचा हे मला कुणी विचारावं, हाच मोठा विनोद. पण एका दवाखान्याच्या डॉक्टर नूतन मॅडमनी विचारलं. म्हणाल्या, "गोरखभाऊ, आमच्या हॉलमध्ये बसून चांगला माणूस आजारी पडतो. काहीतरी करा."

खोटं नव्हतं ते. टीव्हीवर भांडणं, फरशीवर करकरणाऱ्या खुर्च्या, आणि शीला सिस्टर आतून माइकवर नावं पुकारायच्या ती थेट कवटीत घुसायची. मी खुर्च्यांच्या पायांना रबर घातलं, टीव्ही काढला, भिंतींना आणि छताला आवाज शोषणारा फोम मारला. आहुप्याला जाऊन देवराईतली एक सकाळ रेकॉर्ड केली, पाखरं, झरा, पानांची सळसळ, सगळं. ते दिवसभर बारीक आवाजात लावलं. नाव पुकारायचं तर आधी हलकी घंटा, मग हळू आवाजात दोनदा नाव.

"भाऊ, एवढ्या हळू कुणाला ऐकू जायचं?" शीला सिस्टर म्हणाल्या.

"सिस्टर, हा काय बाजार हाय का?" मी म्हणालो. नव्यानं शहाणा झालेल्या माणसाइतका आगाऊ कुणी नसतो.

आठवड्याभरात हॉल बदलला. लोक हळू बोलायला लागले. मी रोज दुपारी काहीतरी निमित्त काढून चक्कर मारायचो, खरं तर कौतुक ऐकायला.

मंगळवारी स्पीकरखाली एक म्हातारी बसलेली दिसली. मांडीवर पितळी तांब्या.

"ह्यो आवाज आमच्या राईतला हाय," ती म्हणाली. "आहुप्याच्या."

मला इतका आनंद झाला की मी तिच्यासाठी चहा आणला. तिचा नवरा आत आयसीयूत होता. तीन दिवस ती त्याच खुर्चीवर होती, डोळ्याला डोळा लागला नव्हता. तांब्यात गावच्या झऱ्याचं पाणी होतं.

"डाक्टरीनबाई म्हनल्या, आता काय खरं न्हाई, शेवटाला आत बोलवू. माझ्या हातचं दोन घोट पानी त्यांच्या तोंडात पडलं म्हंजी झालं. त्येवढ्यासाठी बसलीय."

"नाव काय मावशी त्यांचं?"

ती पदर तोंडाला लावून कसनुशी हसली. "धन्याचं नाव घेत्यात व्हय? पन्नास वर्सात न्हाई घेतलं."

मग हाक कशी मारायची, तेही तिनं सांगितलं. तो पलीकडच्या माळावर असला की ती कड्यावर उभी राहून नुसती "ओऽऽ" अशी हाळी द्यायची. हाळी समोरच्या डोंगरावर आपटून परत यायची, आणि तिच्यामागोमाग त्याची यायची.

थोड्या वेळानं पाहतो तर ती झोपलेली. डोकं भिंतीला टेकलेलं, दोन्ही हात तांब्याला धरून. मला भरून आलं. आयुष्यभर मी लोकांच्या झोपा उडवल्या, आज माझ्या कामानं एक जीव झोपला होता. मी साउंडच्या मशीनपाशी गेलो आणि पुकाऱ्याचा आवाज आणखी दोन पॉइंट खाली केला, तिची झोप मोडू नये म्हणून.

घंटा वाजली. "सावळेराम यांचे नातेवाईक, आत या." दोनदा. कुणी उठलं नाही. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. मी इकडंतिकडं पाहिलं आणि मनात म्हटलं, कसली माणसं ही, पेशंट आत टाकून खुशाल चहाला जातात.

मग शीला सिस्टर स्वतःच धावत बाहेर आल्या आणि ओरडल्या, "कोंडाबाई! अवो कोंडाबाई, कवाधरनं बोलावतोय!"

म्हातारी दचकून उठली आणि तांब्या सावरत आत पळाली. सावळेराम म्हणजे तिचाच धनी, हे मला तेव्हा कळलं.

ती लगेच बाहेर आली. तांब्या तसाच भरलेला होता.

मी तिच्यासमोर गेलो. चुकलो म्हणायचं होतं. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. तिनं माझ्याकडं पाहिलंही नाही. ती हॉलच्या मधोमध उभी राहिली, छाती भरून श्वास घेतला आणि हाळी दिली.

"सावळेरामऽऽ! ओऽऽ!"

 तिनं मान तिरकी करून कान दिला आणि समोरच्या भिंतीकडं बघत राहिली, हाळी परत येईल म्हणून.

त्या भिंतीला दोन इंच जाडीचा फोम मी माझ्या हातानं मारला होता. काहीच परत आलं नाही.