सहा आठवडे कात्री बंद

गणवेश शिवणाऱ्या त्या कारखान्यात थोरलीच्या कात्रीचा दरारा होता. आठ-आठ थरांचं कापड ती एका दमात कापायची, कड अशी की पट्टीनं मान खाली घालावी. अकरा वर्षं हे चाललं आणि मग उजवा अंगठा कुरकुरायला लागला. आधी कळ, पुढे सूज, शेवटी बाटलीचं झाकण फिरवतानाही डोळ्यांत पाणी.

फिजिओथेरपिस्टबाईंनी मनगट दाबून पाहिलं. "सहा आठवडे कात्री बंद. मनगटाला पट्टा, बर्फ आणि मी सांगेन तेवढाच व्यायाम. कामावर परतलात की अधूनमधून थांबून हात मोकळा करायचा. आणि टेबल चार बोटं उंच करून घ्या."

"उद्या म्हणशील, छत खाली घ्या," ते ऐकून कारखान्यातला मास्तर म्हणाला. "रजा घे. पण जागा रिकामी राहणार नाही."

परक्या बाईपेक्षा घरची बरी, म्हणून थोरलीनं आपल्या धाकट्या जावेचं नाव सुचवलं. चार संध्याकाळी रद्दी पसरून तिला कात्री धरायला शिकवलं.

मग थोरलीनं पथ्य पाळलं. नवरा म्हणाला, "बसून खायला पट्टा बरा सापडला!" तिनं ऐकून सोडलं. सातव्या आठवड्यात अंगठा विनातक्रार वळला, तशी ती हरखून कारखान्यात गेली.

तिच्या टेबलाच्या पायांखाली विटा होत्या. धाकटी कापता कापता थांबून बोटं मोकळी करत होती.

"तुझ्यावरून आम्ही शहाणे झालो," मास्तर म्हणाला. "हिला पहिल्याच आठवड्यात टेबल उंच करून दिलं."

"मग मी कधीपासून येऊ?"

"दुखावलेल्या हाताची जोखीम कोण घेणार? शिवलेल्या शर्टांचे सुटे धागे कापायला बस."

"ते काय पायानं कापतात?"

मास्तर फोनकडे वळला. धाकटी कापडाकडे बघत म्हणाली, "ताई, माझं यात काय चुकलं?"

चुकलं काहीच नव्हतं. तेच थोरलीच्या घशाखाली उतरेना.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात धाकटीनं हळूच विचारलं, "कॉलरची गोलाई बिघडते गं. दाखवतेस?"

"तुझ्या मास्तरला विचार," थोरली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती धागे कापायला बसली. उजवा अंगठा जपायला छोटी कात्री तिनं डाव्या हातात धरली. पहिल्याच शर्टाला भोक पडलं, आणि गेल्याच महिन्यात लागलेली शेजारची बाई म्हणाली, "नवीन दिसताय!"