ओपलने मला उचललं त्या शुक्रवारी

मित्रांनो, मी सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसायचा नाही. तरी ऐका. मी एक जुनी लाल शिट्टी आहे. आयोवातल्या एका लहानशा गावात, लिंडक्विस्टबाईंच्या दुसरीच्या वर्गात, या बक्षिसांच्या पेटीच्या तळाशी माझा मुक्काम असतो. तुम्ही खोडरबरं, भोवरे, पेन्सिली आजच दुकानातून आलात, म्हणून सांगते.

एकाच साच्यातून आम्ही बारा बहिणी निघालो. आठवड्यात शाबासकीच्या पाच चांदण्या मिळाल्या की शुक्रवारी पेटीत हात घालायचा, अशी या वर्गाची रीत. पहिल्याच शुक्रवारी माझ्या अकराही बहिणी गेल्या. सोमवारी वर्गात जो गदारोळ झाला, त्याने बाईंचं डोकं उठलं. त्यांनी सांगून टाकलं, की यापुढे शिट्टी घेणाऱ्याची पुढच्या आठवड्यातली एक चांदणी कापणार. तेव्हापासून बोटं माझ्यापर्यंत येतात, चाचपतात आणि शेजारच्या भोवऱ्याकडे वळतात. झाकण मिटतं. माझ्या पोटातला मणी जागचा हलत नाही. एकदा तरी कुणी मला ओठांना लावावं, एवढंच माझं मागणं होतं.

आणि ते पुरं झालं, बरं का! ओपल नावाची एक मुलगी होती. चांदण्या बहुतेक मिळायच्या हात वर करून उत्तर देणाऱ्यांना, आणि ही तर तोंडच उघडायची नाही. फळा पुसून, वह्या वाटून एका आठवड्यात तिच्या पाच चांदण्या व्हायला फेब्रुवारी उजाडला. तिने थेट मलाच उचललं.

"बोलता येईना, आणि म्हणे शिट्टी वाजवणार," तिच्या मागच्या बाकावरचा वेंडेल म्हणाला.

"ओपल, एक चांदणी जाईल हं," बाई म्हणाल्या. "चालेल तुला?"

"चालेल," ओपल म्हणाली. तिचा आवाज सगळ्यांनी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

त्याच दुपारी शाळेची पिवळी बस बर्फात रुतली. ओपलने मला अशी काही फुंकली, की कोठारांच्या छपरांवरचा बर्फ धडाधड खाली आला. चार गावांतल्या गाई धावत आल्या आणि त्यांनी बस ढकलत ढकलत एकेका मुलाच्या दारात नेऊन सोडली. ड्रायव्हरने मला टोपी काढून नमस्कार केला. त्या रात्रीपासून मी ओपलच्या उशाशी झोपू लागले.

म्हणून सांगते, मित्रांनो, जिला कुणीच उचलत नाही, तिलाही एकदा हातात घेऊन बघावं. ती कशी वाजते ते...

"पण आजी," कोपऱ्यातलं एक इवलंसं खोडरबर म्हणालं, "तुझ्या अंगावरची दुकानातली पिशवी तर अजून कुणी फोडलेलीच नाही."