खाणीतलं नाव

पुसेगावच्या बौद्धवाड्यात भिवाजी एकच होता, पण पोस्टमनला दोन भिवाजी ठाऊक होते. वणीच्या अंगाकडून दर महिन्याला मनीऑर्डर यायची. धाडणारा भिवाजी आणि घेणाराही भिवाजी. पोस्टमन मोठा मिस्कील. "तुमीच धाडले, आता तुमीच घ्या," म्हणत तो नोटा हातावर ठेवायचा आणि अख्खा वाडा हसायचा. भिवाजीची बायको जनकाबाई दारात उभी राहून हसायची खरी, पण ते हसणं तिच्या ओठांच्या खाली कधी उतरलं नाही.

त्याचं कारण जुनं होतं. पैनगंगेपल्याड, वणीच्या पुढं, पळसाच्या रानात एका शेठची कोळशाची खाण होती. खाण कसली, मोठं बीळच म्हणा. शेठनं विहीर खणायला घेतली, पाण्याच्या आधी काळा दगड लागला आणि त्यानं विहिरीचा नाद सोडून खाण धरली, असं जुने लोक सांगायचे. उतारावरून आत गेलं की पुढं कंबरेत वाकूनच चालावं लागे. गोंड होते, तेलंगणातले होते, छत्तीसगडचे होते आणि भिवाजी धरून पुसेगावचे सहा जण होते. कोळसा कुदळीनं फोडायचा, गाड्यात भरायचा आणि तो गाडा छातीनं रेटत वर आणायचा. यंत्र म्हणून शेठनं एक भोंगा तेवढा आणला होता, तोही कामावर उशीर होऊ नये म्हणून.

पण पुसेगावच्या टोळीचं नाव होतं. काम सुरू करायच्या आधी त्यांच्यातला एक जण लोखंडी सळईनं वरचं छत ठोकायचा आणि बाकीचे श्वास धरून ऐकायचे. आवाज खणखणीत आला तर कुदळ उचलायची, बद्द आला तर आधी लाकडाचे टेकू लावायचे. मुकादम शिव्या द्यायचा, वेळ जातो म्हणायचा. टोळी शिव्या ऐकून घ्यायची आणि टेकूच लावायची. आपला जीव शेठला स्वस्त असला तरी आपल्याला नाही, हे त्या माणसांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. त्यांच्याविषयी जनकाबाई अजूनही अभिमानानं बोलायची.

एवढं करूनही त्रेसष्ट साली छत खाली आलंच. भिवाजी छातीपर्यंत कोळशात गाडला गेला. टोळीनं त्या दिवशी कुदळी बाजूला टाकल्या, कारण कुदळ कोळशातून थेट त्याच्या मांडीत गेली असती. पाच जणांनी हातांनी उकरलं. नखं गेली, बोटं सोलवटली, पण त्यांनी माणूस अखंड बाहेर काढला. आणि दुसऱ्या दिवशी भोंगा वाजला तेव्हा तेच पाच जण बोटांना चिंध्या गुंडाळून पुन्हा त्याच उतारानं खाली गेले. ही गोष्ट पुसेगावात लहानथोरांना पाठ होती.

भिवाजी घरी आला तो हातापायानं धड, पण अंधाराला कायमचा भ्यालेला. घरात शिरताना आढं उंच असलं तरी वाकायचा. झोपायचा अंगणात, पावसाळ्यात वळचणीला. आता खायचं काय, हा प्रश्न पडला तेव्हा त्याचा धाकटा भाऊ नरसिंग उठला आणि म्हणाला, दादाच्या जागी मी जातो. लग्न होऊन त्याला सहा महिने झाले होते. शेठ नवीन माणूस घ्यायला तयार नव्हता. मुकादम म्हणाला, हजेरीत भिवाजी आहे, त्या नावाला ओ देणारा माणूस मला पाहिजे, चेहरा कुणाचा का असेना. अशा रीतीनं नरसिंग भिवाजी झाला. ज्या जागी भाऊ गाडला गेला होता त्याच जागी त्यानं दहा वर्षं कुदळ चालवली आणि मिळकतीतला वाटा एका महिन्यालाही चुकू दिला नाही. असा दीर लाखात एक, हे जनकाबाईला कळत होतं. कळत होतं म्हणून तर तिची पंचाईत होती, रागवायलाही जागा नव्हती.

राग तर होताच. एकदा ती आठ दिवस तिकडं राहायला गेली होती. खाणीवरच्या शेजारणी तिच्या जावेला, पद्माबाईला, 'भिवाजीची मंडळी' म्हणून हाका मारत होत्या. पद्मा बिचारी ओशाळून जावेकडं बघायची. आपल्या नवऱ्याच्या नावानं दुसऱ्या बाईला हाक मारलेली जनकाबाईला सहन झाली नाही. तिनं स्वतः ते नाव जन्मात कधी उच्चारलं नव्हतं. छप्पन साली वाड्यानं देव सोडले, उपासतापास सोडले, पण नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही ही रीत काही बायांच्यानं सुटली नव्हती. कुणी विचारलंच तर बाई पदर ओठांवर धरायची आणि जवळपासचा कुणीतरी नाव सांगून मोकळा व्हायचा.

त्र्याहत्तरचा उन्हाळा आला. दुष्काळानं गावाला पार सुकवून टाकलं होतं. भिवाजी रस्त्याच्या सरकारी कामावर खडी फोडत होता आणि जनकाबाई कोसभरावरून पाणी आणत होती. अशात नरसिंग एक दिवस अचानक घरी आला. खाण सरकारनं घेतली होती. आता पगार कायमचा, राहायला पक्की खोली, नळ, विजेचा दिवा. पण शेठच्या माणसांनी जाता जाता आपले सोयरेधायरे हजेरीत घुसडले होते. म्हणून खरा कामगार कोण हे बघायला साहेब लोक गावोगाव फिरत होते. पुसेगावात दुसरा भिवाजी निघाला तर नरसिंगाचं काम जाणार होतं.

नरसिंग भावापुढं मान खाली घालून बसला. "दादा, नाव तुझं हाय," तो म्हणाला. "तू माग, मी परत देतो. न्हाई मागितलंस तर मला कायमचं दे."

भिवाजी उठला. पाणी प्याला आणि कामावर निघून गेला. नरसिंग दुसऱ्या दिवशी उत्तर न घेताच परतला. त्यानंतर नवराबायकोत त्या गोष्टीचा एक शब्द निघाला नाही.

शब्द निघाला तो जनकाबाईच्या भावाकडून. ग्यानोबा औंढ्याहून मुद्दाम आला. त्याचं म्हणणं सरळ होतं. ज्याचं नाव त्याची नोकरी. दाजींनी तिथं खरोखर काम केलंय, अंगावर कोळसा घेतलाय, साक्षीला टोळी आहे. आणि सरकारी खाणीत सगळेच खाली जात नाहीत. खाली जाणाऱ्यांना दिवे वाटायचं काम असतं, फाटकावर बसायचं असतं. साहेब आला की खरं तेवढं सांगायचं, खोटं कुठं बोलायचंय, असं तो बहिणीला बजावून गेला.

हे बोलणं जनकाबाईच्या डोक्यातून जाईना. डोक्यावर हंडा घेऊन चालताना तिला नळ दिसायचा. नवरा फाटकावर खुर्चीत बसलेला दिसायचा. मग चिंध्या गुंडाळलेली बोटं दिसायची, आणि तिला स्वतःचीच लाज वाटायची. लाज वाटली तरी नळ काही डोळ्यांपुढून हटत नव्हता.

साहेब आला तो भर दुपारी. बरोबर गावचा कोतवाल तातेराव. भिवाजी कामावर होता, घरात जनकाबाई एकटीच. तातेरावानं खाट टाकली, साहेबानं घाम पुसला. माणूस वाईट नव्हता, पण उन्हानं आणि खोट्या कामगारांनी वैतागलेला होता. या घरचा भिवाजी खाणीवर आहे हे त्याला ठाऊक होतं. मग इथं राहतो तो कोण, हे त्याला विचारायचं होतं.

"बाई, तुमच्या मालकाचं नाव काय?"

जनकाबाईचा हात आपोआप पदराकडं गेला. आणि तिला दिसलं की तातेराव घसा खाकरतोय. बाईमाणसाला अवघडायला नको म्हणून तो नेहमीसारखा नाव सांगणार होता. चांगुलपणानं सांगणार होता, आणि त्या चांगुलपणात नरसिंगाचं घर बुडणार होतं. तिला फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसलेल्या बाईला उद्या कुणी बोल लावला नसता. खोटंही बोलावं लागलं नसतं, आणि नळही मिळाला असता.

तिनं पदर सोडला.

"नरसिंग," ती म्हणाली. "माह्या मालकाचं नाव नरसिंग. भिवाजी माहा दीर हाय, तो खाणीत असतो."

तातेरावाचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. या बाईनं लग्नाला अठरा वर्षं झाल्यावर पहिल्यांदा नवऱ्याचं नाव घेतलं, तेही परपुरुषाचं. साहेबानं कोतवालाकडं बघितलं. तातेराव म्हणाला, "बराबर हाय सायब. रस्त्याच्या कामावर बी हजेरीत नरसिंगच लिहेल हाय."

साहेबानं मान डोलावली, तांब्याभर पाणी पिऊन तो पुढच्या गावाला गेला. आपल्यासाठी तातेरावासारखा भला माणूस खोटं बोलला म्हणून जनकाबाईला त्याच्या पाया पडावंसं वाटलं. पण तो साहेबाच्या मागोमाग निघून गेला होता. ती उंबऱ्यावर बसली. दिराला नवरा म्हटलं. त्याहून मोठं म्हणजे नवऱ्याचा हक्क त्याला न विचारता देऊन टाकला. तो काय म्हणेल, याच एका धास्तीनं तिची दुपार गेली.

भिवाजी दिवस मावळता आला. हातपाय धुऊन अंगणात बसला. तिनं भाकरी वाढली आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. साहेब आला, नाव विचारलं, मी असं असं बोलले. तातेराव भाऊंनी माझ्यासाठी खोटं सांगून वेळ मारून नेली. आता तुम्ही मला काय बोलायचं ते बोला.

भिवाजीनं भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही.

"तातेराव खोटं न्हाई बोलला," तो म्हणाला. "नरसिंग गेला त्याच हप्त्यात मी कामावरचं नाव बदलून घेतलं. मी पंधरा दिवसांपासून नरसिंगच हाव."

जनकाबाईला राग आला. एवढे दिवस ती एकटी आतल्या आत जळत होती आणि हा माणूस मुकाट खडी फोडत होता. "मला सांगितलं काहून न्हाई?" तिनं विचारलं.

"तुला तिकडं नळाच्या घरी जायचं होतं. मला दिसून राहिलं होतं. तुह्या तोंडावर न्हाई म्हणायची हिंमत झाली न्हाई." त्यानं मान वर केली. "तो माह्या जागी खाली गेला, जनका. मी वर बसून त्याची जागा मागू व्हय?"

तिचे डोळे वाहायला लागले आणि तिनं ते पुसले नाहीत. ह्या भित्र्या, अंगणात झोपणाऱ्या माणसाची बायको असल्याचा तिला त्या घडीला एवढा अभिमान वाटला की छातीत मावेना. आता त्याचं खरं नाव कामावर कुणी घेणार नव्हतं. खाणीवर त्याला दुसरा माणूस ओ देणार होता. आणि गावालाही हळूहळू सवय लावावी लागणार होती, नाहीतर साहेब लोक पुन्हा यायचे.

ती त्याच्यासमोर खाली बसली. दुपारी एक नाव जिभेवर आलं तेव्हा आभाळ काही कोसळलं नव्हतं.

"भिवाजी," ती म्हणाली, "जेवून घ्या."

हातातला तुकडा तसाच धरून भिवाजीनं तिच्याकडं बघितलं आणि ओ दिली.