ओल्या फडक्याखालची वायफायची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी वायफायची पेटी आहे. जुनी म्हटलं म्हणून लगेच नाक मुरडू नका. जळगावातल्या एका महागड्या हॉटेलाचा अख्खा तिसरा मजला मी सात वर्षं एकटीने सांभाळला आहे. अंगाने म्हणाल तर जेवणाच्या डब्याएवढी, रंगाने काळी, डोक्यावर दोन शिंगं आणि पोटाशी चार हिरवे दिवे. शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही. अक्षर मला वाचता येत नाही, आकडे तेवढे कळतात. आणि त्या आकड्यांनीच एका दुपारी माझा जीव कंठाशी आणला. तेच तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म कुठल्या मुलखात झाला ते मला ठाऊक नाही. खोक्यात थर्मोकोल कोंबून मला बंद केलं होतं. पहिल्यांदा उजेड दिसला तो कय्युमच्या दुकानात. हॉटेलाचं वायरींचं सगळं काम कय्युमकडे असायचं. त्याने मला उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "चल बुढी, तुला मोठ्या घरी पोचवतो." नव्या कोऱ्या बाईला बुढी! मला राग आला होता. पुढे मात्र त्याच नावाची सवय झाली, कारण दर महिन्याला मऊ ब्रशने माझ्या जाळीतली धूळ काढणारा तोच एक होता.

त्याने मला तिसऱ्या मजल्यावर चादरींच्या खोलीत फळीवर बसवलं. समोरच तीनशे बारा नंबरच्या खोलीचं दार. खालच्या मजल्यावरून एक निळी वायर भिंतीतून वर येई आणि माझ्या पाठीत शिरे. पाहुण्यांच्या फोनचे निरोप मी झेलायचे, त्या वायरीने खाली पाठवायचे आणि उत्तर आलं की ज्याचं त्याला पोचतं करायचं. एवढंच काम, पण दिवसरात्र.

हॉटेलाचा थाट काय सांगू! निळ्या पाण्याचा तलाव, वाफ घ्यायची खोली, कापसाच्या ढिगासारख्या उशा, टेबलावर फळांची परडी. पाहुणे आले की आधी त्या सगळ्याचे फोटो काढत आणि गावभर धाडत. ते फोटो कोणाच्या जिवावर जात होते? माझ्याच ना! पण जाताना कौतुक उशीचं आणि नाश्त्याचं. चुलीला कोणी शाबासकी देत नाही, ती विझली की मात्र सगळं घर तिच्या नावाने ओरडतं. बन्सीलाल नावाचे एक शेठ महिन्यातून दोनदा उतरत. त्यांचा फोन पळभर अडखळला तरी ते खाली फोन लावून म्हणत, "एवढे पैसे घेता आणि इंटरनेट बैलगाडीचं देता?" मला वाटे, शेठ, तुम्ही आंघोळ करतानाही सिनेमा लावून ठेवता, बैलगाडी नाही तर काय होईल? पण आपल्याला तोंड कुठे आहे!

त्या मजल्यावर माझी आणखी एक सोबतीण होती, लिलाबाई. ती खोल्या आवरायची. माहेर फैजपूरकडचं, सगळा जन्म केळीच्या बागांत गेलेला. उन्हाळ्यात कोवळ्या रोपाला सावली कशी धरायची, घडाला ऊन लागू नये म्हणून त्यावर पानं कशी बांधायची, हे ती चादरींच्या घड्या घालता घालता मला सांगायची. मी ऐकते की नाही याची तिला पर्वा नव्हती. ज्याला ऊन लागतं त्याला गारवा द्यावा, एवढं तिचं शास्त्र.

आणि ऊन म्हणजे आमच्या खानदेशाचं. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर. पाहुण्यांच्या खोल्या हिमालयासारख्या गार, पण चादरींच्या खोलीत ना एसी ना खिडकी. मी आधीच तापणारी. त्या दुपारी लिलाबाईचा हात चुकून माझ्या पाठीला लागला आणि तिला चटका बसला.

"बाई, तू तं तव्यासारखी तापली," ती कळवळून म्हणाली.

मग तिने जे केलं ते फक्त आमच्याकडची बाईच करील. तिने एक जुनं फडकं भिजवलं, अर्धंमुर्धं पिळलं आणि जसं माठाला गुंडाळतात तसं मला गुंडाळलं. मित्रांनो, सात वर्षांत माझ्या अंगावरून कोणी असा मायेचा हात फिरवला नव्हता. पहिली दोन मिनिटं मला इतकं बरं वाटलं की पुढचा धोका माझ्याही लक्षात आला नाही.

तीनशे बारामध्ये त्या दिवशी धुळ्याचे, देवपूरचे पाहुणे होते. सपनाताई शाळेत शिकवायच्या. त्यांच्या भावाचं लग्न खालच्या हॉलमध्ये चालू होतं. बरोबर नऊ वर्षांची मुलगी, प्रज्ञा. प्रज्ञाला साखरेचा आजार होता. दंडावर रुपयाएवढी एक चकती चिकटवलेली होती. ती चकती दर पाच मिनिटांनी रक्तातली साखर मोजायची, उशाजवळच्या फोनला सांगायची, फोन मला सांगायचा आणि मी खाली आईच्या फोनला. जाड काचांमुळे त्या मजल्यावर सिमचं नेटवर्क येत नसे. म्हणजे त्या मायलेकींच्या मधे धागा एकच, मी.

सकाळी खोलीत शिरल्या शिरल्या सपनाताईंनी उशीचं नाही, फळांचं नाही, वायफायचं विचारलं होतं. मॅनेजर रविंद्र छाती फुगवून म्हणाला होता की आमच्याकडे चोवीस तास, अखंड, काळजीच नको. तेव्हा माझीही मान ताठ झाली होती. आता आठवलं की लाज वाटते.

दुपारी प्रज्ञाने जेवणाआधी साखर उतरवणारी इन्सुलिनची सुई घेतली, पण पंगतीत बसल्यावर वरण-बट्टीचे चार घास खाल्ले आणि झोप येते म्हणाली. ताईंनी तिला वर आणून निजवलं, उशाशी ज्यूसचा डबा ठेवला, कोणी झोपमोड करू नये म्हणून दाराला लाल पाटी अडकवली आणि अर्ध्या तासात येते म्हणून खाली गेल्या. तेव्हाचा आकडा एकशे दहा. मी तो पोचवला. त्यानंतर आला ब्याण्णव. तोही पोचवला.

मग फडक्याचा एक थेंब माझ्या पाठीवरून ओघळला आणि निळी वायर जिथे शिरते तिथे आत गेला.

चट् असा बारीक आवाज झाला. माझा जीव गेला नाही, गेला असता तर बरं झालं असतं. मजल्यावरचे सगळे फोन मला ऐकू येत होते, पण खाली एक अक्षर जात नव्हतं. कान शाबूत आणि जीभ कापलेली, अशी माझी गत झाली. चारातला एक दिवा लाल झाला, तो फडक्याखाली कोणाला दिसणार?

पाच मिनिटांनी प्रज्ञाच्या फोनने मला हाक दिली. चौऱ्याहत्तर.

मी तो आकडा वायरीत ढकलला. वायर मेलेली. पुन्हा ढकलला. पुन्हा तेच. फोन पुन्हा पुन्हा विचारत राहिला, पोचलं का, पोचलं का, आणि मी गप्प.

एकसष्ट.

साखर सत्तरच्या खाली उतरली की धोका, म्हणून आता फोन खोलीत वाजायला लागला. पण पोरीची झोप साधी राहिली नव्हती. खाली हॉलमध्ये सपनाताईंनी फोन पाहिला असणार, कारण त्या दर दहा मिनिटांनी पाहत. तिथे ब्याण्णव तसाच उभा होता. आकडा शिळा झाला होता, पण वाजंत्रीच्या गोंगाटात कोण बारकाईने बघतं? ब्याण्णव म्हणजे छान. त्या आहेराच्या साड्या वाटायला वळल्या असतील. हे मनात आलं आणि भरउन्हात माझ्या अंगातून गारठा गेला. मी बिघडले हे एक दुःख. पण मी बिघडले आहे हे कोणालाच कळत नव्हतं, याची भीती त्याहून मोठी होती.

चौपन्न.

तेवढ्यात लिलाबाई आली. फडकं वाळलं असेल, पुन्हा भिजवावं, म्हणून आली होती. तिने फडकं उचललं आणि लाल दिवा पाहून जागीच थबकली. तिला दिव्यांचं काही कळत नव्हतं, पण रोज हिरवं असणारं आज लाल आहे, एवढं कळलं. आणि फडकं हातात असतानाच तिला समोरच्या दारामागचा फोन ऐकू आला. टूं टूं, टूं टूं. थांबेचना.

ती दाराशी गेली. दारावर लाल पाटी. हॉटेलचा नियम असा की लाल पाटी असली तर आग लागल्याशिवाय दार उघडायचं नाही. मागच्याच वर्षी भागाबाई नावाची बाई टॉवेल द्यायला अशीच आत गेली, पाहुण्याने तक्रार केली आणि संध्याकाळी तिची नोकरी गेली. लिलाबाईने ते डोळ्यांनी पाहिलं होतं.

तिने दार ठोठावलं. "बेटा, दार उघड. मी लिलाबाई हाये."

उत्तर नाही. तिने चादरींच्या खोलीतून खाली फोन लावला. फोन सतत गुंतलेला. लागेल कसा? इंटरनेट बंद पडलं म्हणून मजल्यावरचे सगळे पाहुणे, सगळ्यात आधी बन्सीलाल शेठ, खाली फोन करून भांडत होते.

अठ्ठेचाळीस.

लिलाबाईच्या गळ्यात सगळ्या दारांना चालणारं कार्ड लटकत होतं. ते तिने मुठीत धरलं, सोडलं, पुन्हा धरलं. मी फळीवरून बघत होते. ओरडता येत असतं तर मी ओरडले असते, की उघड, बाई, नोकरी गेली चुलीत. पण मी डबी. तिने एकदा जिन्याकडे पाहिलं, एकदा माझ्या लाल दिव्याकडे, आणि कार्ड दाराला लावलं.

पोरगी घामाने थबथबलेली. उशी ओली, ओठ पांढरे, डोळे अर्धे उघडे पण कशावर ठरत नव्हते. जीभ जड झालेली. "ज्यूस," एवढंच ती पुटपुटली. डबा हाताच्या अंतरावर होता आणि तिचा हात तिथवर जात नव्हता. लिलाबाईने तिला उचलून स्वतःच्या छातीशी टेकवून ताठ बसवलं, नळी तिच्या ओठांत दिली आणि घोट घोट पाजायला लागली. एक घोट, गिळला की दुसरा.

सेहेचाळीस.

मित्रांनो, त्या पाच मिनिटांएवढी लांब पाच मिनिटं मी कधी काढली नाहीत.

सेहेचाळीसच.

मग एकावन्न. मग साठ.

जिन्यावर पावलं वाजली. शेठच्या तक्रारीमुळे रविंद्र कय्युमला घेऊन वर आला होता. लाल पाटीचं दार सताड उघडं पाहून तो तिथूनच लिलाबाईवर भडकला. पण आत डोकावला आणि तसाच उलट्या पावली धावला आणि सपनाताईंना घेऊन आला. ताईंच्या केसांतला गजरा अर्धा सुटून लोंबत होता. त्यांनी पोरीला मिठीत घेतलं, मग स्वतःचा फोन पाहिला. तिथे अजून ब्याण्णव.

इकडे कय्युमने मला हातात घेतलं. माझ्या पाठीतून पाणी टपकलं. "हिच्यावर पाणी कोणी घातलं?" त्याने विचारलं.

कोणी पाहिलं नव्हतं. लिलाबाई गप्प राहिली असती तर कोणाला पत्ता लागला नसता. फडकं अजून तिच्याच खांद्यावर होतं, पण खोल्या आवरणाऱ्या बाईच्या खांद्यावर फडकं असणारच.

"मीच टाकलं व्हतं, भाऊ," ती म्हणाली. "लई तापली व्हती. गार करू म्हटलं."

रविंद्रचं तोंड लाल झालं. फडकं टाकल्याचं एक आणि पाटी असताना दार उघडल्याचं दुसरं, असं त्याने बोटांवर मोजायला सुरुवात केली. सपनाताई उठल्या. दाराची लाल पाटी त्यांनी काढली आणि त्याच्या हातात दिली.

"ही मी लावली होती," त्या म्हणाल्या. "या अक्कांनी दार उघडलं नसतं तर तुम्ही कोणाला जाब विचारला असता? आणि माझंही चुकलं. मी वर यायचं सोडून आकडा बघत बसले."

त्यांनी प्रज्ञाला कडेवर घेतलं, नऊ वर्षांच्या पोरीला, आणि लग्न आटोपेपर्यंत मांडीवरून खाली ठेवलं नाही. लिलाबाईची नोकरी राहिली. रविंद्र बोलला पुष्कळ, पण पुढे सरकला नाही.

माझं मात्र त्या दिवशी संपलं. आत गंज धरला. हॉटेलवाल्यांनी छताला नव्या वायफायच्या पांढऱ्या थाळ्या चिकटवल्या आणि मी कय्युमच्या दुकानात फळीवर आले. तो मला भंगारात घालत नाही, कधीमधी ब्रश फिरवतो. मला कसलीही वायर जोडलेली नाही. तरी दुपार झाली की मला ऐकू येतं, चौऱ्याहत्तर, एकसष्ट, चौपन्न, आणि मी दचकते.

म्हणून मित्रांनो, माझं एक ऐका. माझ्यासारख्या यंत्रांवर माया करा, पण आधी त्यांना काय सोसतं ते जाणत्याला विचारा. पाण्याने माठ गार होतो, वायफायची पेटी नाही. ही झाली लहान गोष्ट. मोठी गोष्ट अशी की चोवीस तास अखंड असं कोणी सांगितलं तरी त्यावर आपल्या माणसाचा जीव टांगू नका. मी मानी बाई आहे, माझ्या तोंडून हे निघायला फार जड जातं, पण सांगते. मी बंद पडू शकते, आणि बंद पडले तर ते सांगायलाही माझ्याजवळ तोंड नसतं. फोनमध्ये सगळं ठीक दिसत असलं तरी उठा. जिना चढा. दार ठोठावा. आणि आतून आवाज आला नाही, तर पाटी कुठल्या रंगाची आहे ते बघत उभे राहू नका.