पीएच.डी.चं गाईड

आमच्या धनश्रीला वाईट खोड लागली आहे. घरात धडधाकट आठ माणसं असताना ती सगळं फोनला विचारते. महिनाभर एकच प्रश्न चालला आहे: राज्यशास्त्राच्या पीएच.डी.ला माझा नंबर लागेल का? ज्यांना विचारते त्यांची तोंडंसुद्धा तिनं पाहिलेली नाहीत. कुणी पुण्याचा, कुणी नांदेडचा, आणि एकानं तर स्वतःच्या फोटोच्या जागी वाघ लावला आहे. वाघ म्हणाला, चाळीस टक्के. त्या दिवशी पोरगी दोन भाकरी जास्त जेवली. दुसऱ्या दिवशी कुणीतरी वीसवर आणलं, तर ताट सरकवून उठली.

नात माझी, थोरल्या परमेश्वरची. एम.ए.ला कॉलेजात पहिली आली. प्रवेशपरीक्षा पास झाली. राहिली होती फक्त गुरुवारची बीडची मुलाखत. आणि ही उठता बसता रडायची, गाईड मिळणार नाही, गाईड नाही तर काहीच नाही.

मी चौथीपर्यंत शिकले, पण माझी तीन पोरं दहावी पार कशानं झाली ते मला ठाऊक आहे. परमेश्वर शेळ्या घेऊन शिरूरच्या बाजाराला निघाला, तेव्हा त्याला सांगितलं, येताना पुस्तकाच्या दुकानातून राज्यशास्त्राचं गाईड घेऊन ये, पीएच.डी.चं, जाडातलं जाड. दुकानदार म्हणे हसला नाही, नुसता बघत राहिला. मग बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाचं हातात दिलं आणि म्हणाला, पुढचं अजून छापून यायचंय.

ते पुस्तक बघून धनश्री इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "आज्जी, गाईड म्हणजे माणूस असतं," ती म्हणाली. "त्यांच्या हाताखाली संशोधन करायचं असतं."

मला कुणी हसलेलं खपत नाही. पाच वर्षं सरपंच होते मी. पण राग गिळला आणि विचारलं, मग हे माणूस राहतं कुठं? तर बीडलाच. विजयमाला मॅडम म्हणून आहेत, त्यांच्याकडं दोन जागा आणि पोरं एकोणीस. मुलाखत घेणाऱ्यांत त्याच. कधी भेटलीस का, विचारलं, तर नाही. एक साधा फोन? तोही नाही. त्यांना काय वाटेल, म्हणे. म्हणजे ज्या बाईच्या हातात सगळं आहे ती सोडून बाकी अख्ख्या महाराष्ट्राला विचारून झालं होतं.

मग म्हटलं, त्यांना सांगणार काय आहेस? तिथं खरी गोम निघाली. अर्जात हिनं लिहिलं होतं ऊसतोडीला गेलेल्या माणसांच्या मतदानाबद्दल. हा विषय तिला माझ्याच खाटेवर बसून सुचला. मी उभी होते तेव्हा आमचं अर्धं गाव सांगलीकडं ऊस तोडायला गेलेलं. मतदानाच्या आदल्या दिवशी जीप पाठवून माणसं आणवली. कायद्यात ते बसत नव्हतं म्हणतात. बसायला तर जीपमध्येही जागा नव्हती. अकरा मतांनी निवडून आले. हे सगळं तिनं तासन्‌तास विचारून विचारून वहीत उतरवून घेतलं होतं.

आणि आता? आता वाघ म्हणाला की असले गावठी विषय चालत नाहीत, मुलाखतीत विषय बदलून माग, चीनवर घे. म्हणून ही चार दिवस चीन वाचत होती. मग दुसरा कुणी म्हणाला, चीन तर सगळेच घेतात, पंधरा टक्के. तेव्हा हिनं ठरवलं की गुरुवारी जायचंच नाही. पंधरा टक्क्यांसाठी कशाला हसू करून घ्यायचं?

मी चुलीपुढून उठले. ते बी.ए.चं गाईड तिच्या मांडीवर ठेवलं.

"धनश्रे, मी चुकीचं गाईड एकदाच आणवलं. तू रोज आणायलीस. त्या वाघाची तयार उत्तरं पाठ करायलीस, अन् ती बी चीनची. त्या मॅडमनी अजून तुझं तोंड बघितलं न्हाई, अन् तूच त्यांच्या वतीनं न्हाई म्हणून मोकळी झालीस. कावून? त्यांना न्हाई म्हणायचं असंल तर म्हणू दे, तुझ्यासमोर. गुरुवारी पहिल्या गाडीनं जायचं. अर्जात लिवलाय तोच विषय सांगायचा. अन् जीपमधी किती माणसं होती इचारलं, तर बावीस सांग. तुळजाबाईच्या कडेवरचं लेकरू धरू नको, त्याला मत नव्हतं."