लंगड्या वाघिणीचा उजवा पाय

मित्रांनो, मी एक जुना विकेटकीपिंगचा ग्लोव्ह आहे, उजव्या हाताचा. तळव्याचं रबर झिजलंय, अस्तर फाटलंय, करंगळीतून हवा खेळते. मला बघून नाक मुरडणारे पुष्कळ भेटले. पण एका वाघिणीचा दुखरा पाय मी होतो, एवढं ऐका आणि मग काय ते मुरडा.

माझा जन्म मेरठच्या कारखान्यातला. परळच्या एका गिरणीच्या टीमने आमची जोडी विकत घेतली आणि गुणाजी परब नावाच्या पोरसवदा कामगाराच्या हाती दिली. माझ्यात बॉल बसला की "वा रे गुण्या" अशी दाद यायची. मग संप झाला, गिरणी बंद पडली, टीमची वाट लागली. गुणाजी आम्हांला पिशवीत घालून बोरीवलीला राहायला आला आणि गोरेगावच्या एका साउंड स्टुडिओत सामान उचलायला लागला.

सिनेमात माणसं चालताना जी पावलं ऐकू येतात, ती बरेचदा नंतर कुणी दुसऱ्यानेच माइकसमोर काढलेली असतात. गुणाजी ते शिकला. नायिकांच्या चपला त्याने वाजवल्या, पोलिसांचे बूट वाजवले. जनावर आलं की मात्र आमची आठवण व्हायची. ओल्या मातीच्या पेटीत आम्ही टेकलो की ऐकणाऱ्याला पंजाच वाटायचा. तीस वर्षं हे चाललं, आणि घरच्यांना तो नक्की काय करतो ते धड कधी कळलं नाही.

मग रानातल्या एका जुन्या, गाजलेल्या गोष्टीवर कार्टून सिनेमा निघाला. रानात चुकलेली मुलगी आणि तिला सांभाळणारी म्हातारी वाघीण. वाघिणीचा पुढचा उजवा पाय सापळ्यात सापडून अधू झालेला. दाट धुक्यात काही दिसत नाही, तेव्हा मुलगी पावलांवरूनच ओळखते की येतंय ते आपलंच आहे. सगळी गोष्ट त्या पावलांवर उभी. गुणाजीने ती लहानपणी पाठ केली होती. त्याचे गुडघेही आता बोलू लागले होते, म्हणून हे शेवटचं काम, असं त्याने ठरवून टाकलं.

चित्रं अजून रंगवलेली नव्हती, पेन्सिलीच्या नुसत्या रेघा. तेवढ्यावर वाघीण चालवायची कशी? घरी बायकोचा, सुलक्षणाबाईंचा, गुडघा दुखायचा. हा बाबा हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंत त्यांच्या मागे कान लावून फिरायचा.

"अहो, माझ्या मागे मागे काय फिरताय?"

"वाघीण कशी चलता ता मी कधी बघूक नाय. दुखरो पाय घरातच आसा."

आरे कॉलनीतून पिशवीभर माती आणली. डावा ग्लोव्ह भरीव, त्याचा आवाज ठणठणीत. मी फाटका, म्हणून माझा आवाज अर्धा, जरा उशिरा, भीत भीत टेकल्यासारखा. उभ्या जन्मात माझं फाटकेपण कुणाच्या कामाला आलं असेल तर ते रेकॉर्डिंगच्या त्या चार दिवसांत. गुणाजीने चौथीतल्या नातीला, श्रुतिकाला, सांगितलं, "त्या पिक्चरमधली वाघीण म्हणजे मी." तिने ते वर्गभर केलं.

सिनेमा लागला, त्याच्या पहिल्या रविवारी श्रुतिका, तिची मैत्रीण नेत्रा, आणखी चार पोरी आणि गुणाजी थिएटरात. पुरावा म्हणून मी श्रुतिकाच्या पिशवीत, तोंड बाहेर काढून.

काय सांगू तुम्हांला. वाघीण निघाली गुबगुबीत, गुलाबी नाकाची, आणि चारही पाय धडधाकट. लंगडी वाघीण बघून मुलं हिरमुसतील, असं म्हणे वरच्या कुणीतरी ठरवलं होतं. धुकंही गेलं, तिथे लख्ख ऊन आणि नाचगाणं. चित्रं बदलली, पण घाईत एका जागी आवाज बदलायचा राहून गेला. गाणं क्षणभर थांबलं आणि मी आलो. तीन पावलं नीट, चौथं अर्धं. पडद्यावर बाई टुणटुण उड्या मारतायत, आणि खाली मी लंगडतोय.

थिएटर हसलं. मागून कुणी म्हणालं, "साउंड गंडलाय यार." पोरी खिदळल्या. श्रुतिकाही हसली, आणि मग तिने ते पाऊल ओळखलं.

"हे तुझे आजोबा का गं?" नेत्राने विचारलं.

श्रुतिकाने आजोबांकडे पाहिलं. मला दाबून पिशवीच्या तळाशी घातलं.

"नाही गं. आजोबांचा आवाज काढून टाकला यांनी. हा दुसऱ्याच कुणाचा आहे."

गुणाजीने ऐकलं. तो हलक्या आवाजात म्हणाला, "हो, काढून टाकला."

पोरीवर माझा राग नाही. आजोबांना कुणी हसावं असं तिला वाटत नव्हतं, आणि नऊ वर्षांच्या जिवाला दुसरं काय सुचणार? राग आहे तो त्या शहाण्यांवर, ज्यांनी वाघिणीचा पाय बरा केला आणि गोष्ट मारली.

मित्रांनो, मला जपा, पुसूनबिसून ठेवा, असं मी म्हणणार नाही. मी माळ्यावर आहे, ठीक आहे. पण पुढे कधी पडद्यावरचा पाय आणि कानावरचं पाऊल जुळलं नाही, तर हसायच्या आधी एवढं तरी विचारा, की दोघांतलं खोटं कोण. त्या दिवशी थिएटरात तीनेकशे माणसं होती. त्यातल्या एकाने जरी विचारलं असतं, तरी माझ्या म्हाताऱ्याला स्वतःची वाघीण नाकारावी लागली नसती.