नवव्या गाण्यातली किंकाळी

आठ गाणी रेकॉर्ड झाली होती. नववं काही केल्या होत नव्हतं. आणि नवव्याचा सगळा जीव त्या एका किंकाळीत होता. सत्तरच्या दशकातलं रॉक ते. तीन मिनिटं नुसती कुजबुज, मग ड्रम थांबतात, बाई ओरडते, चांगल्या बारा मात्रा, आणि मग सगळी वाद्यं तुटून पडतात. गिटारवाल्या काकांनी विशीत ही गाणी तबकड्यांवरून कानाने उचलली होती. आता सासष्टाव्या वर्षी, जुनीच गाणी आपल्या बँडने नव्याने वाजवून एक अल्बम काढायचा, एवढं एकच खूळ त्यांच्या डोक्यात उरलं होतं. बँडची गायिका ती, आणि काका तिचे चुलत सासरे. तिच्या बाळंतपणासाठी सगळा बँड वर्षभर खोळंबून बसला होता, त्यामुळे आता कुणी रागावलं नाही तरी तिला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं.

"ताई, पुन्हा टिकटिक आली," काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट म्हणाला.

ताल धरण्यासाठी तिच्या हेडफोनमध्ये टिकटिक सोडलेली असे, आणि कुजबुजीच्या ओळींत तीच माइकमध्ये शिरत होती. कारण उघड होतं. हेडफोनची डावी बाजू कानामागे सरकलेली.

"दोन्ही कान झाका ना."

"झाकले होते रे."

"मग तो काय आपल्या पायांनी मागे गेला?"

जवळजवळ तसंच होतं. हात कधी वर जायचा ते तिलाही कळायचं नाही. बाहेरच्या खोलीत सासूबाई आठ महिन्यांच्या बाळाला घेऊन बसल्या होत्या. फोम चिकटवलेल्या या खोलीत बाहेरचं काही म्हणजे काही ऐकू येत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी कान आपला दारापाशी जाऊन उभा.

किंकाळीचं तर विचारूच नका. आठ महिने तिने घरात चमचा वाजू दिला नव्हता. दारांना चिंध्या बांधल्या होत्या, शिंकसुद्धा उशीत तोंड खुपसून द्यायची. आता ओरड म्हटलं की पाचव्या-सहाव्या मात्रेला आवाज आपोआप दबायचा, शेजारी कुणी झोपलंय म्हणून चवड्यांवर चालावं तसा.

अकराव्या टेकनंतर काका आत आले. गिटार गळ्यातच होती.

"हे बघ, चारला ही खोली सोडायची आहे. नाहीच झालं, तर कोरसमधली ती मुलगी गाईल एवढं एक. तिचा आवाज लागतो तिथे."

"लागतो," ती म्हणाली.

"वाईट वाटून घेऊ नकोस."

"नाही."

वाटलं होतं. सहा वर्षं हे गाणं तिचं होतं. तिच्याशिवाय ते कुणी गायलं नव्हतं. आणि त्याहून वाईट म्हणजे, तिच्याच मनातून कुणीतरी म्हणालं, बरं होईल, घरी जाऊन पाठ टेकता येईल.

तेवढ्यात सासूबाई बाळाला कडेवर घेऊन दारात आल्या. काकांनी दार उघडंच टाकलं होतं, त्यामुळे सगळं ऐकलेलं दिसत होतं.

"ओरडायचंच आहे ना? माझ्या लेकावर ओरडतेस तेव्हा बरे दोन्ही कान बंद असतात!"

"आई, तो रडला का मघाशी?"

"रडला, हसला, तुला काय करायचंय? मी तीन पोरं आणि हा एक दीर वाढवला. एक तरी हरवलं का?"

"वहिनी, माझं नाव कशाला मध्ये?" काका पुटपुटले.

"तू गप. मी काचेपाशी उभी राहते याला घेऊन. डोळ्यांनी बघ हवं तेवढं. कान दे त्या यंत्राला."

रेकॉर्डिस्टने पोराच्या कानाला त्रास नको म्हणून स्पीकर बंद केले आणि स्वतः हेडफोन चढवला. तिनेही दोन्ही कान झाकले. जग मिटलं. काचेपलीकडे बाळ आजीच्या चष्म्याची दोरी चघळत होतं.

कुजबुज स्वच्छ गेली. ड्रम थांबले. तिने तोंड उघडलं.

एक, दोन. बाळाने दोरी सोडली. आईचं असलं तोंड त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. चौथ्या मात्रेला त्याचा खालचा ओठ बाहेर आला, पाचव्याला चेहरा लालबुंद झाला, आणि ते रडायला लागलं. आवाज नाहीच, नुसतं उघडं तोंड. तिच्या छातीत कळ आली, पान्हा फुटला, कुर्ता पुढून भिजला. थांब, सगळं अंग म्हणालं. सासूबाई एका हाताने पोराला थोपटत दुसऱ्याने जोरजोरात खुणावत होत्या, चालू दे, चालू दे. काका खाली मान घालून बोटांवर मोजत होते. सात. आठ. तिने नजर वळवली नाही. काचेच्या अलीकडे ती, पलीकडे तो, दोघांची तोंडं उघडी. दहाव्याला आवाज फाटला. अकरा. बारा. ड्रम कोसळले.

दार उघडल्यावर रडणं एकदम अंगावर आलं.

"सेफ्टीसाठी अजून एक घेऊ या का?" रेकॉर्डिस्टने विचारलं.

"आधी हिला पोराला घेऊ दे!" सासूबाई कडाडल्या.

काका म्हणाले, "शेवटी फाटला आवाज."

तिने बाळाला घेता घेता वर पाहिलं.

"फाटलेलाच ठेवू. कोरसमध्ये तुझ्या चार ओळी उरल्यात तेवढ्या."

ती कोपऱ्यातल्या खुर्चीवर सगळ्यांकडे पाठ करून बसली, बाळाला ओढणीखाली घेतलं. दहा मिनिटं, असं म्हणायला गेली तर घशातून नुसती हवा आली. मग मोकळा हात मागे करून तिने पाच बोटं दाखवली, मूठ मिटली, आणि पुन्हा पाच.